तिसरी पायरी

जाग आली तेव्हा पाणी माझ्या पायांपासून हातभर अंतरावर आलं होतं आणि होडी जागेवर नव्हती.

आधी वाटलं, मी भलत्याच झाडाखाली उठलोय. पण करंज तोच होता, मी काढून ठेवलेल्या चपला त्याच होत्या आणि त्यांच्या शेजारी कुंदीच्या एवढ्याशा चपलाही होत्या. दीड तासापूर्वी ती होडी माझ्यासमोर चिखलात निम्मी रुतून बसली होती आणि तिच्यात, वाकळीवर, माझी साडेतीन वर्षांची मुलगी झोपली होती. आता तिथे चिखलच दिसत नव्हता. नुसतं गढूळ, गप्प पाणी होतं. ज्या खुंटाला मी होडी बांधली होती, तो खुंटही नव्हता.

मी कुंदीला हाक मारली. मग मोठ्याने मारली. पलीकडच्या काठावरून माझीच हाक परत आली. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

हे सावरकोंड म्हणजे माझी सासुरवाडी. समुद्रापासून नदीने पंचवीस मैल आत. मी नदीच्या मुखावरच्या आगरबंदरचा, हिराजी तांडेलाचा मुलगा काशिनाथ. बाप गलबतं हाकायचा, आणि पाण्यातलं जेवढं कळण्यासारखं आहे तेवढं आपल्याला कळलेलं आहे असा माझा सव्विसाव्या वर्षी पक्का समज होता. शिमग्याला सासुरवाडीला आलो की मी माझ्या मेव्हण्याची, रावजीची, टर उडवायचो. रावजी गावची तर, म्हणजे पलीकडे माणसं नेणारी होडी, चालवायचा. "तुमची भरती म्हणजे आमच्याकडे पाय धुवायला लोटाभर घेतात ते पाणी," असं मी चारचौघांत म्हणायचो आणि रावजी हसून सोडून द्यायचा. जावयाचं बोलणं कोण मनावर घेतो?

माझी सासू, आवडाई, तर माझ्याशी बोलायचीच नाही. म्हणजे बोलायची, पण सावरकोंडात सासू जावयाशी थेट बोलत नाही. डोईवरचा पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. लग्नानंतर सुरुवातीची वर्षं ती माझ्याशी खांबामार्फत, मांजरामार्फत, कधी चुलीतल्या लाकडामार्फत बोलली. कुंदीला बोलता यायला लागलं आणि आमचं काम सोपं झालं. "कुंदे, तुझ्या बापाला सांग, भाकर निवते." कुंदी माझ्याकडे वळून तोच निरोप इमानाने द्यायची, मी तिच्याकडेच उत्तर द्यायचो. तिला एक खोड होती. निरोप कळला नाही की ती आजीला विचारायची, "म्हणजे काय?" मग आवडाई तिला फोड करून सांगायची, आणि त्यात मलाही कळायचं.

त्या दिवशी फाल्गुन वद्य द्वितीया होती. गावची पालखी डोंगराच्या अंगाला वरच्या वाडीत गेली होती. तिच्याबरोबर रावजी, माझी बायको सगुणा आणि जवळजवळ सगळा गाव गेला होता. तर बंद होती, तरीची मोठी होडी पलीकडच्या काठाला बांधलेली. कुंदी पेंगुळली म्हणून मी मागे राहिलो. सकाळी तिला मी लहान होडीतून हिंडवून आणलं होतं. ती होडी सासऱ्यांच्या वेळची, फळ्यांतून पाणी घेणारी. दोन-अडीच तासांनी उपसली नाही तर काठापर्यंत भरायची. रावजीने मला ते दोनदा बजावलं होतं. साडेअकराला मी ती उपसली, काठाच्या चिखलात ओढली आणि खुंटाला आखूड दोर ठेवून बांधली. आगरबंदरात असा दोर कोणी ठेवला असता तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. भरती होडीला उचलते, तिला ढील लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण इथे, पंचवीस मैल आत, पाणी असं कितीसं चढणार?

जेवणं झाल्यावर, साडेबाराच्या सुमारास, करंजाच्या सावलीतल्या त्या होडीत मी वाकळ अंथरली आणि पोरीला थोपटून झोपवलं. माझ्या बापाने मला असंच होडीत झोपवलेलं होतं. मी झाडाला टेकून बसलो. पुरणपोळीचं जेवण अंगावर आलं.

माझ्या हाका ऐकून आधी लखू आणि बारकू धावत आले. हे दोघे भाऊ. घरात सुतक होतं म्हणून पालखीला गेले नव्हते. दोघंही शेती करणारे, पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता. त्यांच्यामागून आवडाई आली, कमरेवर रिकामी घागर घेऊन. मी काय झालं ते सांगितलं. आवडाईने ओरडा केला नाही, ऊर बडवला नाही. तिने घागर शेजारच्या घाटाच्या पायरीवर ठेवली आणि वाकून पाण्याकडे बघत राहिली.

मी हिशोब करत होतो. आमच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करतात. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पुरी होते आणि पाणी फिरतं. द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीड वाजता पाणी फिरलं आणि ओहोटी लागून अर्धा तास होऊन गेला. होडी समुद्राकडे निघाली असणार. तरी खात्री करावी म्हणून मी काठाशी करंजाचं एक पान टाकलं. ते हळूहळू खालच्या अंगाला सरकलं. मला एवढं पुरे होतं.

"खाली गेली," मी म्हणालो. "सगळ्यांनी खाली चला. काठाने धावलो तर गाठू."

आवडाई घागरीला म्हणाली, "तिसरी पायरी अजून कोरडी हाय."

लखू माझ्याकडे बघून अडखळला. म्हणाला, "पाव्हणं, आवडाय काय तरी—"

"म्हणू दे. तुम्ही चला."

ती पुन्हा म्हणाली, तितक्याच शांतपणे, "घागरी, उधाणाचं दिवस हायत, आनि तिसरी पायरी कोरडी हाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईवर ओरडलो. म्हणजे ओरडलो घागरीवरच, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं. "पोर वाहून चालली आहे आणि पायऱ्या कसल्या मोजता? मी जन्म काढलाय भरती-ओहोटीत." आवडाईने पदर आणखी पुढे ओढला. त्यानंतर ती काही बोलली नाही. आमच्या दोघांमधली निरोपी होडीत होती, आणि "म्हणजे काय" विचारणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

आम्ही तिघे धावत सुटलो. सावरकोंडाच्या खाली काठाने वालाचे मळे आहेत, मग बांबूची बेटं, मग वाळू. मी पुढे, ते दोघे मागे. प्रत्येक बांबूच्या बेटापाशी मी पाण्यात कमरेपर्यंत उतरून फांद्यांखाली बघायचो आणि परत धावायचो. पायात काटे मोडले होते. चपला झाडाखालीच राहिल्या होत्या, माझ्याही आणि तिच्याही.

डोक्यात एकच गणित चाललं होतं. साडेअकराला उपसलेली होडी, चिखलात होती तोवर कोरडी, तरंगली तेव्हापासून पाणी घेत असणार. दोन वाजता तिच्यात चार बोटं पाणी असेल. वाकळ भिजली की ती उठेल. उठली की मला हाक मारील. अडीच वाजता पाणी तिच्या घोट्याला लागेल. तीन वाजता गुडघ्याला. तिला पोहता येत नव्हतं. पुढच्या वर्षी शिकवू असं मीच म्हणालो होतो. घाबरून ती एका कडेला सरकली तर होडी कलंडेल, हेही मला दिसत होतं. मी नवस बोलत होतो. कुठल्या देवाला काय कबूल केलं ते मला आज आठवत नाही, पण त्या तासाभरात मी माझ्याकडे असलेलं आणि नसलेलं सगळं देऊन टाकलं होतं.

मैलभर गेल्यावर एक म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पागाचं जाळं टाकत होता. होडी गेली का, पोर असलेली होडी, असं मी लांबूनच विचारलं.

"बारापासनं हितंच हाय मी," तो म्हणाला. "होडी काय, पान्यातनं भोपळा पन गेला नाय."

मग तुमचं लक्ष नव्हतं, असं मी त्याला ऐकवलं आणि पुढे धावलो. तो मागून काही तरी सांगत होता, हाताने वरच्या दिशेला दाखवत होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा रिकामा झाला होता, आणि मी तो अजून हाकतच होतो.

चार मैल खाली एक वाळूचा पट्टा नदीत शिरलेला आहे. तिथपर्यंत पोचलो. मी वाळूत बसलो. बारकू ओंजळीने पाणी पीत होता. लखू माझ्याकडे बघत नव्हता. समोर नदी रुंद होती, ऊन लागत होतं, आणि पाण्यावर होडी नव्हती. मला वाटलं, आता इथेच बसावं, घरी जाऊच नये. सगुणाला मी काय सांगणार होतो?

तेवढ्यात नदीच्या मधोमध मला झेंडूची माळ दिसली. खालच्या कुठल्या तरी गावातल्या पालखीची असणार, कोणी पाण्यात सोडलेली. चांगली जाड, पिवळीधमक माळ. माझ्या डाव्या हाताला समुद्र होता आणि उजव्या हाताला सावरकोंड. माळ डावीकडून उजवीकडे चालली होती. सावकाश, पण कुठे न अडकता, ती माझ्यासमोरून निघून वरच्या वळणाकडे गेली.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं. पाणी अजून वरच चाललं होतं.

बापाने मला तिथीची पाऊणपट शिकवली ती आमच्या बंदरापुरती. दीड वाजता समुद्र फिरला होता ही गोष्ट खरीच. पण नदीत शिरलेलं पाणी पंचवीस मैल चालत जातं, आणि चालायला वेळ लागतो. आगरबंदरात ओहोटी लागलेली असते तेव्हा सावरकोंडात भरती अजून चढत असते, दोन-दोन तास. बापाने मला हे सांगितलं नाही, कारण तो गलबत घेऊन कधी नदीत शिरलाच नाही. घाटाशी मी टाकलेलं पान खाली सरकलं ते तिथल्या दगडांमागे पाणी उलटं वळतं म्हणून. रावजीला ते माहीत होतं. घाटावर कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं. होडी बांधताना मी म्हणालो, नदीला भरती नाही. ती शोधताना मात्र माझ्या बंदराची भरती मी त्याच नदीच्या माथी मारली.

"वर गेली," मी म्हणालो. "होडी वर गेली."

लखूने बारकूकडे बघितलं. ते बघणं माझ्या अजून लक्षात आहे.

परतीच्या वाटेचं मला नीट सांगता येणार नाही. मी धावलो, चाललो, पुन्हा धावलो. ते दोघे मागे पडले. मध्ये केव्हा तरी शेजारचं पाणी थांबलं. काड्या, पानं, फेस, सगळं जागच्या जागी उभं राहिलं. मग हळूहळू ते सगळं माझ्या उलट दिशेने, समुद्राकडे सरकू लागलं. तेव्हा पावणेचार झाले होते. आता खरी ओहोटी लागली होती. होडी अजून तरंगत असेल तर आता ती परत फिरेल, आणि तुडुंब भरलेली होडी ओढीला लागली की तिला सावरायला चार गडी लागतात.

मी घाटावर पोचलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. आवडाईची घागर होती तिथेच होती, वरून तिसऱ्या पायरीवर. पायरी ओली होती. पाणी तिच्यापर्यंत चढून नुकतंच खाली उतरलं होतं, घागरीचं बूडही ओलं होतं. तेव्हा कुठे तिचं बोलणं मला कळलं. उधाणाच्या दिवसांत तिसरी पायरी भिजल्याशिवाय इथलं पाणी फिरत नाही. ती कोरडी होती, म्हणजे भरती चालू होती, म्हणजे होडी वर गेली होती. हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. दोन पुरुषांदेखत जावयाला खोटं पाडायचं नाही म्हणून एवढंच सांगितलं होतं. आणि मी तिच्या घागरीवर ओरडलो होतो.

मी वरच्या काठाने निघालो. अर्धा मैल गेलो असेन, समोरून पाण्यावर काही तरी काळसर पसरलेलं येताना दिसलं. मी पाण्यात उडी टाकली. ती वाकळ होती. सगुणाच्या जुन्या लुगड्याची, मधोमध हिरवा तुकडा लावलेली. मी ती दोन्ही हातांनी चाचपली, उलटी केली, पुन्हा चाचपली. तिच्यात काही नव्हतं.

काठाला येऊन मी ती वाकळ पिळायला लागलो. का, ते मला सांगता येत नाही. मुलगी गेली असं मनाने धरलं होतं, आणि हात वाकळ पिळत होते. पाणी पुरतं निथळेपर्यंत मी पिळली, खांद्यावर टाकली आणि चालू लागलो. आता धावण्यात काही अर्थ नव्हता. मी रडतही नव्हतो. फक्त पोहोचायचं नव्हतं.

सावरकोंडाच्या वर दोन मैलांवर नदीचे दोन्ही कातळ जवळ येतात. भरतीचं पाणी तिथे संपतं. तिथे माणसं उभी होती, तीस-चाळीस तरी. पालखीतून तशीच आलेली, तोंडाला गुलाल फासलेला. मला बघून ती बाजूला झाली. सगुणा माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिच्यासमोर कातळावर आवडाई होती, नखशिखांत भिजलेली, दोन्ही तळव्यांना कुणाचं तरी धोतर फाडून गुंडाळलेलं. आणि तिच्या मांडीवर रावजीच्या कोरड्या सदऱ्यात गुंडाळलेली कुंदी गूळ खात होती.

मी तिथेच खाली बसलो. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून कुंदी घाबरली.

काय झालं ते मला रावजीने सांगितलं. आम्ही तिघे खाली गेल्यावर आवडाईने गावात उरलेल्या एका बाईला पालखीकडे पिटाळलं आणि स्वतः एकटीच वरच्या काठाने निघाली. साठीला आलेली बाई. कातळापाशी तिला होडी दिसली, निम्म्याच्या वर भरलेली, आणि आत बसून रडणारी पोर. होडी खोल पाण्यात होती. पण माझा तो आखूड दोर आणि त्याच्या टोकाला उपटून आलेला खुंट मागून फरफटत येत होता. भरतीने उचललेल्या होडीने तो मऊ चिखलातून काढून घेतला होता. आवडाई गळ्याइतक्या पाण्यात शिरली आणि तिने तो खुंट धरला. ओढून घेण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती, भरलेली होडी मणामणाची झाली होती. तेवढ्यात पाणी फिरलं आणि होडी खाली ओढ घेऊ लागली. तिने दोर हाताला गुंडाळला, कातळाला पाय लावले आणि नुसती धरून ठेवली. रावजी पोचून पोरीला काढेपर्यंत अर्धा तास तरी तिने दोर सोडला नाही, आणि तेवढा वेळ ती कुंदीला सांगत होती की उभी राहू नको, बस, मी आहे. होडी काठोकाठ भरली तेव्हा वाकळ तरंगून निघून गेली.

तेवढ्यात गावच्या मानकऱ्याने विचारलं, "आवडाये, पन तू वर कशी आलीस? पाव्हणं तर मानसं घेऊन खाली गेलते म्हनं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खाली गेलेले लखू आणि बारकू आत्ताच धापा टाकत येऊन पोचले होते. मी तोंड उघडणार होतो. निदान मला तसं वाटतं.

आवडाईने पदर पुढे ओढला आणि मांडीवरच्या पोरीला म्हणाली, "कुंदे, सांग त्यांना. माझ्या बापानं सांगितलं, आज्ये, तू वर जा, मी खाली बगतो. खाडीचा मानूस हाय. पानी कुटं कुटं जातं ते त्याला ठाव."

कुंदीच्या तोंडात गूळ होता. तिने तेवढ्यापुरतं "म्हणजे काय" विचारलं नाही. मानकऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणी तरी म्हणालं, पाव्हण्याचं डोकं चाललं म्हणून पोर हाताला लागली. रावजी दुसरीकडे बघत होता. मला तिथे उठून सांगायला हवं होतं की हे खोटं आहे. मी उठलो नाही. मुलगी परत मिळाली होती आणि बायको माझ्याकडे वळून बघत होती. त्या नजरेपुढे माझं धाडस झालं नाही.

पुढच्या शिमग्यापासून सावरकोंडाने मला पालखीतला एक नारळ द्यायला सुरुवात केली. पाण्याची पारख असलेला जावई म्हणून. दरवर्षी मानकरी चार शब्द बोलायचा, नारळ माझ्या ओंजळीत ठेवायचा, आणि मी तो घरी नेऊन आवडाईच्या चुलीपाशी ठेवायचो. ती तो न बोलता उचलून घ्यायची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दिवसापासून सरळ झाली नाहीत. भाकरी ती डाव्या हाताने थापायला शिकली. मी रावजीच्या भरतीची टर उडवायचं सोडून दिलं, आणि माणसं म्हणायची, जावई आता पोक्त झाले.

असं वीस वर्षं चाललं. कुंदीचं लग्न झालं आणि त्या शिमग्याला ती नवऱ्याला घेऊन आजोळी आली. पालखीसमोर मानकऱ्याने, आता त्याच्या मुलाने, ती गोष्ट नव्या जावयासाठी पहिल्यापासून सांगितली. सासऱ्याने आपल्या सासूला वर पाठवलं आणि स्वतः खाली धावला, कसं अचूक. कुंदीचा नवरा माझ्याकडे असा काही आदराने बघायला लागला की मला तिथे उभं राहवेना. नारळ घेऊन मी घरी गेलो नाही, घाटावर गेलो. रावजी तरीची होडी बांधत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि वीस वर्षं पोटात ठेवलेलं ओकून टाकलं. तुझ्या आईला मी वर जायला सांगितलं नव्हतं. उलट तिच्यावर ओरडलो होतो.

रावजीने गाठ पुरी मारली. मग म्हणाला, "भावजी, लखू आनि बारकू तुमच्यासंगं खाली गेलते ना? ते काय मुके हायत?"

मी नारळ मांडीवर घेतला.

"त्याच सांजेला सगळ्या कोंडाला ठाव झालं. आय म्हनाली, जावयाची मान खाली गेली तर माझी लेक हितं मान वर करून येनार नाय. म्हनून कोन बोल्लं नाय."

"मग हा नारळ?"

"तो आयचा. बाईमानसाला पालखीम्होरं नारळ द्यायची आमच्यात रीत नाय. तुमच्या हातात दिला की तो बराबर तिच्या चुलीपाशी जातो." मग तो म्हणाला, "तुमाला कळलं असंल असं वाटलं आमाला."

वीस वर्षं सगळं गाव तिच्याशी बोलत होतं आणि मी मधला खांब होतो. रागवावं तर कोणावर? मला लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, कितीतरी वर्षांनी, हलकं वाटलं.

घरी आलो तेव्हा आवडाई चुलीपाशी बसली होती. डोळ्यांनी आता तिला कमी दिसायचं, पण माझी चाहूल लागताच हात पदराकडे गेला. कुंदी तिच्याजवळ होती, समोर नवा जावई चहा पीत होता. मी नारळ आवडाईसमोर ठेवला.

"कुंदे," मी म्हणालो, "तुझ्या आजीला सांग, हा नारळ तिचा आहे. पहिल्या वर्षापासून तिचाच होता."

कुंदीने निरोप दिला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि लहानपणी विचारायची तसंच तिने विचारलं, "म्हणजे काय?"

मी आवडाईकडे बघितलं. तिने अडवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. तिने त्या वाकड्या बोटांनी नारळ आपल्याकडे ओढून घेतला आणि दुसऱ्या हाताने माझ्यापुढे पाट सरकवला.

मी बसलो आणि नव्या जावयादेखत, करंजाखाली झोप लागली तिथपासून, सगळं सांगितलं.